छाट

बेचाळीस अंश, चाळीस मिनिटं.
यीस्टला एवढी धग सोसावी लागते
तेव्हा कुठे बाहेरचा डीएनए आत शिरतो.
त्या दिवशी वीज गेली, वॉटर बाथ थंड पडला,
बिराजदार मॅडम म्हणाल्या, नळ्या गच्चीवर ठेव गं,
एप्रिल आहे, सोलापूर आहे.
हसलो सगळे. तरी मी थर्मामीटर घेऊन वर जाऊन आलेच.
त्रेचाळीस.
एक अंश जास्तच.

जीन मूळचा जिवाणूचा.
औषधाच्या रेणूला एक गाठ मारतो, औषध निकामी.
पण तसाच उचलून यीस्टला दिला
तर ती नुसती बघत राहते,
जशी मी पहिलीत बघत राहिले होते
बाई 'पाटी काढा' म्हणाल्या तेव्हा.
आमच्या घरी पाटीला पलका म्हणतात.
म्हणून जीनच्या पुढे तिला वाचता येईल अशी सुरुवात जोडायची,
मागे तसाच शेवट.
दोन्ही घेतलेत एका बुरशीकडून,
जी कापसाच्या बोंडात शिरते आणि बोंड नासवते.
हे वाचलं त्या रात्री नान्नाला सांगितलं.
त्याने माग थांबवला नाही,
खटखटीतूनच ओरडला,
कापूस तिथं पण सोडंना काय आपल्याला!

पहिल्या वेळी मी घाई केली.
धगीतून काढलं आणि थेट औषधाच्या प्लेटवर पसरलं.
तीन दिवस प्लेट कोरी.
मॅडमनी माझी वही उघडलीसुद्धा नाही.
'मध्ये जेवायला घातलंस का त्यांना?'

नव्हतं घातलं.
जीन आत गेला म्हणजे लगेच वाचून होतो असं नाही.
तीन-चार तास साखरेच्या पेजेत ठेवायचं,
विषाचं नाव काढायचं नाही,
तोवर ती गाठ मारायला शिकते.

छाट हा आमच्या घरातला शब्द.
अम्मा हजार बिड्या टोपलीत घालून कारखान्यात जायची,
चेकर बोटं फिरवायचा:
ही सैल, ही आखूड, हिचं पान फाटकं.
पन्नास-साठ बाजूला.
त्यांचे पैसे नाहीत,
त्या परतही मिळत नाहीत.
मी दाराशी उभी राहून त्याची बोटं बघायचे.
आता माझी बोटं तशीच फिरतात,
हातमोज्यातून.

यल्लव्वा पिन्नीला सहा महिने कॅनामायसिन टोचलं.
तिचा क्षय साध्या गोळ्यांना जुमानत नव्हता.
ती वाचली. कान गेले.
कुकरच्या शिट्ट्या आता शेजारची पोर
तिला बोटांवर दाखवते.
माझ्या प्लेटमधलं औषध
तिच्या औषधाचं चुलत भावंड.
डॉक्टर ज्याला पडक्या आवाजात प्रतिकार म्हणाले होते
(जीन वेगळा, शब्द तोच),
त्याचीच वाट बघत
मी प्लेट उजेडाकडे धरून उभी असते.
हे तिला कोणत्या भाषेत सांगू,
आणि किती मोठ्याने.

एका प्लेटवरून दुसरीवर ठसा घ्यायला मखमल लागते.
ती संपली होती.
नान्नाच्या मागावरच्या टॉवेलचा तुकडा
वाफेत निर्जंतुक करून वापरला.
लूप मोठे, एकेका ठिपक्याचे तीन-तीन उमटले.
मॅडम चिडल्या, मग तो तुकडा धुऊन
स्वतःच्या टेबलावर ठेवून घेतला.

दुसऱ्या खेपेला, तिसऱ्या दिवशी:
अकरा.
पांढरे, गोल, टाचणीच्या डोक्याएवढे.
तपासलं तेव्हा नऊ खरे निघाले,
हव्या त्या जागी बसलेले.
दोघांनी खूण तर घेतली होती,
पण भलत्याच जागी.

घरी मोबाईलवर फोटो दाखवला.
पिन्नीने बिडी वळायची थांबवून
तंबाखूच्या बोटाने काचेवर मोजले.
अकरा, मी ओठांनी म्हटलं. जगलेले.
ती बराच वेळ ठिपक्यांच्या मधल्या
रिकाम्या जागेकडे बघत होती.
मग तिच्या त्या आवाजात,
जो आता तिला मोजता येत नाही,
विचारलं,
मग बाकीचे?

शेजारचा माग थांबला क्षणभर.